बसायला शिकलेला माणूस

२०१८ साली डॉक्टर मुकुंद दिघे त्रेसष्ट वर्षांचे होते आणि मी सत्तरचा. वय आधीच सांगून टाकतो, कारण पहिल्या दिवशी ते मला काका म्हणाले होते आणि मी त्यांना ऐकवलं होतं की सात वर्षांच्या फरकाने कुणी काका होत नाही. तेव्हापासून ते मला जगदाळेजी म्हणायला लागले आणि शेवटपर्यंत तेच म्हणत राहिले.

इंदौरच्या राजेंद्र नगरात माझं खुर्च्या विणायचं दुकान आहे. वेताच्या खुर्च्या. वेताला इकडे सगळे बेंत म्हणतात, म्हणू देत. आजोबा होळकरी फौजेत घोडेस्वार होते. फौज गेली, घोडा गेला, मग वडील कचेऱ्यांच्या खुर्च्या विणायला लागले. मी चौथी पास. पाचवीत मास्तरांनी कान पिरगाळला, मी पाटी तिथेच ठेवून घरी आलो. वडिलांनी मारलं तरी परत गेलो नाही. डॉक्टरांबद्दल खरं म्हणजे शिकलेल्यांनी लिहायचं. त्यांच्या शोकसभेत तसे दोघं बोलले. एक म्हणाले, मोठे शास्त्रज्ञ होते. दुसरे म्हणाले, मोठे साधक होते. मी मागे बसून ऐकत होतो आणि मला वाटत होतं, हे कुणा तिसऱ्याच माणसाबद्दल चाललंय. म्हणून मी लिहायला बसलो. माझी मुलगी वैशाली ऱ्हस्व-दीर्घ बघेल. बाकी एक अक्षर बदलायचं नाही असं तिला बजावलंय.

तर ते पहिल्यांदा आले ते ऑटोतून तीन खुर्च्या घेऊन. शिसवी, जुन्या घडणीच्या, तिघींच्या बैठका फाटलेल्या. मी विचारलं, असा सेट चारचा असतो, चौथी कुठे? ते म्हणाले, ती राहू द्या. मी म्हटलं, तीन नव्या आणि एक जुनी, डोळ्याला बरं दिसणार नाही. ते पुन्हा म्हणाले, ती राहू द्या. मला वाटलं, कंजूस असतील.

खुर्च्या ठेवून गिऱ्हाईक निघून जातं. हे गेले नाहीत. दाराजवळच्या खोक्यावर बसले. हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, आणि बसले ते बसलेच. मोबाईल काढला नाही, पेपर मागितला नाही, इकडच्या तिकडच्या चौकश्या केल्या नाहीत. पाऊण तास झाला. मला रिकामं बसलेलं माणूस खपत नाही, दुकानात तर मुळीच नाही. मी म्हटलं, भिया, इथे नुसतं बसायचं नाही. ते म्हणाले, मग काम द्या. मी भिजलेल्या वेताचं एक टोक त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, ताणून धरा, सोडू नका. त्यांनी धरलं. मी अर्धी बैठक विणली तोवर ते टोक तसूभर ढिलं पडलं नाही. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, ह्या माणसाला काहीतरी येतं.

दुसऱ्या दिवशी परत आले. तिसऱ्या दिवशीही. पुढे रोजचंच झालं. सकाळी अकराला येणार, एकला जाणार. मी पोहे मागवले तर खायचे, पण वरून भुरभुरायचा जिरावण मसाला नको म्हणायचे. इंदौरात राहून जिरावण नको म्हणणारा मी दुसरा माणूस पाहिला नाही.

कॉलनीत त्यांना मागून नशेवाले डॉक्टर म्हणत. ते परदेशात तीस वर्षं होते. दवाखान्याचे डॉक्टर नव्हेत, मेंदूचा अभ्यास करणारे. तिकडे ते लोकांना नशेची दवा पाजत होते, म्हणून हाकललं, असं कुणीतरी कुणाला सांगितलं होतं. मी मागून बोलत नाही. एक दिवस सरळ विचारलं, तुम्ही लोकांना नशा देत होता का?

ते चिडले नाहीत. म्हणाले, लोकांच्या दृष्टीने तेच. मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. एका जातीच्या कुत्र्याच्या छत्रीत, म्हणजे आळंब्यात, एक द्रव्य असतं. त्याने माणसाला काही तास जग वेगळंच दिसतं. ते द्रव्य कारखान्यात शुद्ध करून, तोलून, सरकारची परवानगी घेऊन, ज्यांना आजाराने मरणाची भीती बसलीय किंवा दुःख सुटतच नाही अशांना द्यायचं आणि काय होतं ते लिहायचं. एक खोली, एक पलंग, डोळ्यांवर पट्टी, हळू संगीत. आणि शेजारी खुर्चीवर दोन माणसं, दिवसभर. त्या दोघांतले एक डॉक्टर.

मी विचारलं, खुर्चीवर बसून करायचं काय?

"बसायचं."

"आणखी?"

"उठायचं नाही. तो रडला तरी नाही, हसला तरी नाही. एकाला वाटलं आपण रेल्वेचा पूल झालोय, तासभर तो आपल्यावरून गाड्या जाऊ देत होता. त्याने हात मागितला तर हात द्यायचा. तो घाबरला तर एकच वाक्य बोलायचं, मी इथे आहे. दुसरं काही नाही."

"ह्याला शिक्षण लागतं?"

"सगळ्यात जास्त ह्यालाच लागलं, जगदाळेजी."

मी विचारलं, तुम्ही स्वतः घेतली का ती दवा? म्हणाले, एकदा, परवानगी काढून. मग काय दिसलं? म्हणाले, आईची परात. पितळेची, कणीक मळायची, एका बाजूला पोचा आलेली. मी वाट बघितली. पुढे? म्हणाले, पुढे काही नाही, सहा तास परात होती. आणि पुरली.

मी खूप हसलो. घरी जाऊन कुसुमला, म्हणजे आमच्या मंडळींना सांगितलं. ती म्हणाली, त्यात हसायचं काय आहे.

दुसरी त्यांची खोड मोबाईलची. तो कायम चालू, आणि आवाज पूर्ण मोठा. देवळात, बँकेत, कुणाच्या तेराव्यालाही. वाजला की पहिल्याच घंटीला उचलायचे, हातात काही असलं तर टाकून. एकदा माझं वेताचं टोक टाकून उचलला, अख्खी ओळ सैल झाली. बहुतेक फोन कर्ज घेता का विचारणाऱ्या मुलींचे. त्यांच्याशीही ते नीट बोलायचे. "बोला, मी आहे," अशी सुरुवात. मुलगी भांबावून जायची. मी म्हणायचो, बंद करा तो भोंगा. ते म्हणायचे, तेवढं सोडून काहीही सांगा.

ह्या भोंग्यामुळे एकदा तमाशा झाला. कॉलनीत एका रिटायर्ड प्रिन्सिपॉलबाईंनी ध्यानाचा वर्ग काढला. उद्घाटनाला डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर ध्यानातलेही जुने, तिकडे असताना दहा-दहा दिवस मुक्याने राहून यायचे. बाईंनी मोठी ओळख करून दिली आणि विनंती केली की मेंदूला ध्यानाचे काय फायदे होतात ते सांगावं. डॉक्टर म्हणाले, आधी दहा मिनिटं बसू. सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत, मला चपलांकडे लक्ष ठेवायचं होतं. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला भोंगा वाजला. सगळं सभागृह दचकलं. डॉक्टरांनी फोन उचलला, नको म्हणून नीट सांगितलं, ठेवला, परत डोळे मिटले. दहा मिनिटांनी प्रिन्सिपॉलबाई लाल झालेल्या. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, ध्यानाला बसताना तरी माणूस फोन बंद करतो ना, डॉक्टरसाहेब? ते म्हणाले, मी करत होतो. आणि खाली उतरले. फायदे सांगितलेच नाहीत.

वाटेत मी म्हटलं, तुम्ही त्या बाईचा पचका केलात. ते म्हणाले, मला हल्ली डोळे मिटले की एक भिंतीवरचं घड्याळ दिसतं. त्याचे काय फायदे सांगू?

कुठलं घड्याळ, ते तेव्हा मी विचारलं नाही. ते एकदा असंही म्हणाले होते की तुम्ही विणताना जसे असता तसं बसता यावं म्हणून मी तीस वर्षं घालवली. असली तारीफ मला पटत नाही. मी विणताना वेत कुठे मोडेल तेवढं बघतो. तसं मी त्यांना सांगितलंही. आणि मला स्वतःला बसता येत नाही. लग्नाच्या पंगतीतही मी मध्येच उठून पंख्याचा आवाज का येतो ते बघून येतो.

ते माझ्याकडे काम शिकले, पण फार नाही. उभे धागे बरे घालायचे, आडवेही. तिरप्यात चुकायचे. वेताच्या बैठकीत उभ्या-आडव्यावरून मग तिरपे जातात. तिरपा कुठे वरून न्यायचा आणि कुठे खालून, हे हाताला कळावं लागतं. उलटा गेला तर दिसायला खुर्ची एकदम बरोबर दिसते, पण माणूस बसला की वेतच वेताला कापतो, सहा महिन्यांत बैठक गेली. डॉक्टर दर वेळी उलटा घालायचे. मी दर वेळी उसवायचो. चुकलेलं विणकाम मी ठेवत नाही, मग ते कुणी का केलेलं असेना. ते म्हणायचे, एवढी ओळ राहू द्या की. मी म्हणायचो, नाही.

२०२२च्या उन्हाळ्यात कुसुमच्या पोटात गाठ निघाली. दोन महिने दवाखान्याच्या चकरा झाल्या आणि मग त्यांनी घरी न्यायला सांगितलं. दुखायचं त्याला गोळ्या होत्या, गोळ्यांनी दुखणं दबायचं. दबत नव्हती ती भीती. पन्नास वर्षांत मी कुसुमला कशाला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. ही बाई एकदा घरात घुसलेल्या वळूला केरसुणीने हाकलून आली होती. आता ती खोलीत एकटी राहायला तयार नसायची. माझं मनगट धरायची आणि डोळे मोठे करून छताकडे बघायची. मी बसायचो पाच मिनिटं. मग नळ टपकतोय म्हणून उठायचो, गोळ्या आणायच्यात म्हणून उठायचो, आणि शेवटी दुकानाचं कारण काढून निघून जायचो. वैशाली महूला असते, तिची शाळेची नोकरी. ती शनिवार-रविवार यायची आणि माझ्याकडे बघायची, बोलायची नाही. तेही कळत होतं मला.

मी आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं नाही. त्या जुलैमध्ये डॉक्टरांकडे मागितलं. म्हटलं, तुमची ती दवा हिला द्या. भीती जाते म्हणालात ना, तेवढी घालवा.

ते बराच वेळ वेत पाण्यात बुडवत राहिले. मग म्हणाले, ती माझ्याकडे नाही, इथे तिला परवानगी नाही, आणि असती तरी अशी घरात, तपासणी न करता दिली नसती. मी म्हटलं, सरळ नाही म्हणा. ते म्हणाले, नाही. मी त्यांच्या हातातून वेत काढून घेतला. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा खोका आत ठेवून दिला होता. ते उभे राहिले थोडा वेळ आणि गेले.

आता माझ्या मूर्खपणाचं सांगतो. त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं की असली आळंबी पावसाळ्यात गुरांच्या शेणावरही उगवतात, आपल्या माळव्यातही उगवत असतील. ते माझ्या डोक्यात होतं. कुसुमचं माहेर देपालपूरचं. मी चार पुडांचा स्टीलचा डबा घेतला, बस पकडली आणि मेव्हण्याच्या शेताकडे गेलो. चराऊ रानात दोन तास वाकून वाकून शेणं धुंडाळली. मेव्हणा बांधावरून ओरडला, जीजाजी, कंई ढूँढ रिया हो? मी म्हटलं, औषध. बारीक, जाड, पांढरी, मातकट, जी दिसली ती चारही पुडांत भरली आणि दुपारी तसाच डॉक्टरांच्या घरी गेलो. तिथे मी पहिल्यांदाच जात होतो.

डबा टेबलावर उघडून ठेवला. म्हटलं, सरकार गेलं खड्ड्यात. ह्यातली कुठली ती सांगा, बाकी मी बघतो.

डॉक्टरांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. आधी त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, वहिनींना दिलंत का? एकही? चाखलंत का तुम्ही? मी नाही म्हटलं. त्यांनी मला मोरीत नेलं आणि लहान पोरासारखे माझे हात साबणाने घासून धुतले. मग म्हणाले, "अठरा वर्षं मी हे काम केलं, जगदाळेजी. मला नुसतं बघून सांगता येत नाही. ह्यातल्या एखाद्याने वहिनी चार दिवस तडफडून गेल्या असत्या. आणि तुम्हाला वाटलं असतं, डॉक्टरांची दवा होती."

डबा त्यांनी चारही पुडांसकट मागच्या अंगणात खड्डा खणून पुरला. मी म्हटलं, भिया, आळंबी पुरा, डबा आमच्या लग्नातला आहे. त्यांनी ऐकलं नाही.

मी परत घरात येऊन बसलो. समोर ती चौथी खुर्ची होती. बैठक खोल दबलेली, एका कडेला वेत तुटून वर आलेला. माझा हात शिवशिवला. मी म्हटलं, ही द्या, दोन दिवसांत करून देतो. तेव्हा त्यांनी सांगितलं. ही खुर्ची त्यांची बायको मीरा हिची. तिकडच्या स्वयंपाकघरात खिडकीशी असायची, त्यांच्या लांबलचक दिवसांत ती ह्याच खुर्चीत बसून वाट बघायची. एका सकाळी त्यांचं ते खोलीतलं काम होतं. पलंगावर एक म्हातारा, मरणाला घाबरलेला, आणि शेजारी हे. नियम असा की खोलीत शिरताना मोबाईल बंद. अकराच्या सुमारास मीराच्या डोक्यात रक्तस्राव झाला. तिने तीन वेळा फोन लावला. मग शेजारीण आली, दवाखाना झाला, चारला ती गेली. हे पाचला खोलीतून बाहेर आले. दिवसभर भिंतीवरचं घड्याळ बघत त्यांनी त्या म्हाताऱ्याचा हात धरला होता आणि म्हटलं होतं, मी इथे आहे.

मी विचारलं, म्हाताऱ्याचं काय झालं?

"उत्तम झालं. भीती गेली त्याची. तो अजून आहे. दर नाताळला कार्ड पाठवतो."

ते हे भाजीचा भाव सांगावा तसं बोलले. त्यानंतर त्यांनी ते काम सोडलं, कुणाजवळही बसणं सोडलं, आणि इंदौरला आले. मी उठलो. दारात ते म्हणाले, त्या दवेने अर्धं काम व्हायचं. उरलेलं अर्धं, शेजारी कुणीतरी असतं आणि ते उठत नाही, ह्याने व्हायचं. त्या अर्ध्याला परवानगी लागत नाही. पण मला ते आता जमेल की नाही, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ते आमच्या घरी आले. माझ्याशी बोलले नाहीत. आत गेले, कुसुमच्या पलंगाशी स्टूल ओढलं आणि बसले. एकपर्यंत उठले नाहीत. मी दुकानातून तीनदा येऊन दारातून बघून गेलो. तिसऱ्यांदा आलो तेव्हा कुसुमचा हात त्यांच्या हातात होता आणि ती झोपली होती. सहा दिवसांत पहिल्यांदा दिवसा झोपली होती.

मग ते रोज आले, दोन महिने. मी दुकानातली एक तयार खुर्ची तिथे नेऊन ठेवली. ते काय करायचे? काही नाही. ती छताकडे बघायला लागली की म्हणायचे, मी इथे आहे, वहिनी. ती म्हणायची, दिसतंय मला, डोळे शाबूत आहेत अजून. पण मनगट सोडायची नाही. कधी ती रडायची, ते पुसायला जायचे नाहीत. कधी ती माझ्या तक्रारी सांगायची, मी दारात उभा असलो तरी. तिने त्यांना मीराचंही विचारलं. ती काय नेसायची, पोळ्या कशा करायची, तुमच्याशी भांडायची का. ते सगळं सांगायचे. मला हे प्रश्न चार वर्षांत सुचले नव्हते.

आणि एक प्रश्न रोजचा. माझा डबा कुठेय?

पहिल्या दिवशी मी काहीतरी थाप मारणार होतो, तेवढ्यात डॉक्टरांनी सांगून टाकलं, "वहिनी, डबा मी पुरला."

"पुरला? डबा कुणी पुरतं का?"

"मी पुरला."

"एवढा शिकलेला माणूस," कुसुम म्हणाली आणि हसली. पोट दुखलं तरी हसली. का पुरला ते त्यांनी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही, आणि रोज दहा वाजता ते दारात दिसले की ती म्हणायची, डबा आणलात? ते म्हणायचे, उद्या.

सप्टेंबरातला एक सोमवार. मी दुकानात एका खुर्चीची फ्रेम मांडीवर घेऊन बसलो होतो. सव्वादहाला डॉक्टर दारात उभे. ह्या वेळी त्यांनी घरी खुर्चीत असायचं. मला वाटलं, झालं. ते म्हणाले, नाही, पण आज. श्वास बदललाय. उठा, जगदाळेजी.

मी म्हटलं, तुम्ही बसा तिच्याजवळ, तुम्हाला येतं ते. मला नाही येत. मी वैशालीला फोन करतो, औषधवाल्याकडे जातो, मी येतो मागून. मी खरंच वेत ताणत होतो हे बोलताना.

त्यांनी माझ्या मांडीवरून फ्रेम उचलली.

"त्या दिवशी मी दुसऱ्याच्या माणसाजवळ बसलो होतो. आज बसणार नाही. ती खुर्ची तुमची आहे. दुकान मी बघतो."

आवाज चढवला नव्हता. पण मला आयुष्यात फार थोड्या माणसांनी असं सांगितलंय आणि त्यातल्या कुणाचं मी ऐकलं नव्हतं. ह्यांचं ऐकलं.

मी जाऊन बसलो. पंखा खडखडत होता. नळ टपकत होता. शेजारणीने बाहेरून दोनदा हाक मारली. मी उठलो नाही. कुसुमने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, दुकान? मी म्हटलं, डॉक्टर आहेत. ती म्हणाली, मग गेल्या खुर्च्या. तिची पकड मनगटावर होती. मला डॉक्टरांचं ते वाक्य म्हणायचं होतं, पण ते मला नाटकी वाटलं, म्हणून म्हटलं, आहे मी. एकदाच म्हटलं. दोन वाजायच्या सुमारास ती गेली. पकड सैल झाली नाही, तिचा हात जड झाला, एवढंच.

वैशाली महूहून आली, मेव्हणा आला, साडेपाचला सगळं आटोपलं. स्मशानात डॉक्टर नव्हते. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं, आणि दुकान बघतो म्हणालेला माणूस दुकान सोडून जाणार नव्हता. परतताना मी लोकांना पुढे जाऊ दिलं आणि दुकानाकडे वळलो.

दिवा लागलेला होता. डॉक्टर माझ्या जागेवर बसले होते, आणि त्यांच्यासमोर ती चौथी खुर्ची होती. कुणाला तरी किल्ली देऊन त्यांनी ती घरून मागवली असावी. जुनी दबलेली बैठक सुरीने कापून काढून बाजूला ठेवलेली. फ्रेमवर नवे उभे, नवे आडवे, आणि तिरप्याच्या चार ओळी.

माझे ओले केस बघून त्यांना कळलं. त्यांनी मला खोक्यावर बसवलं आणि तीन प्रश्न विचारले, तिकडच्या कागदावर असतील तसे. घाबरल्या होत्या का? मी म्हटलं, नाही. हात धरलेला होता? होता. काही बोलल्या?

मी म्हटलं, दुकानाचं विचारलं. आणि मग अर्ध्या तासाने, डोळे मिटूनच, डब्याचं.

"काय म्हणाल्या?"

"डॉक्टरांना म्हणावं, उद्या उद्या पुरे झालं."

डॉक्टर हसले. हसता हसता त्यांचा चेहरा फिरला आणि ते खाली बघायला लागले. मीरा गेल्यापासूनचं, सहा वर्षांचं होतं ते, आजचं नव्हतं. मी पाणी आणायला उठणार होतो. नाही उठलो. माझा हात त्यांच्या गुडघ्याजवळ होता, तो तिथेच राहिला. किती वेळ ते मी मोजलं नाही.

पुढे ते दोन वर्षं होते. मग तब्येत ढासळली, भाचा त्यांना मुंबईला घेऊन गेला आणि गेल्या वर्षी ते तिकडेच गेले. फोनवर कळलं. शेवटी त्यांच्याजवळ कोण बसलं होतं, हे भाच्याला मी विचारलं. तो म्हणाला, मी होतो, काका. तेवढं मला पुरे आहे. पण डॉक्टर दिघे म्हटलं की मला ते मुंबईचे दिसत नाहीत. दिसतात ते कुसुम गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचे.

त्या सकाळी सात वाजता मी दुकान उघडलं. सुतकात दुकान उघडतात का म्हणून मेव्हणा बोलला, बोलू दिलं. शटर वर केलं तर पाठोपाठ डॉक्टर आले. मी ती चौथी खुर्ची उजेडात ओढली आणि बघितली. चारही तिरपे उलटे.

"चुकलंय?" त्यांनी विचारलं.

"चुकलंय."

"उसवा मग."

मी पहिली ओळ उसवली. ते समोर बसले आणि नव्या वेताचं टोक दोन्ही हातांनी ताणून धरलं. तेवढ्यात त्यांच्या खिशातला भोंगा वाजला. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. टोक तसूभर हललं नाही. फोन वाजून वाजून बंद झाला, आणि मी पहिला तिरपा घातला.